बत्तीसच्या भावात चौसष्ट

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात एकच माणूस गेला होता, माझा बा. तोही कॉलेजच्या कँटीनला कांद्याचं पोतं टाकायला. पोतं टाकलं, घाम पुसला आणि घरी येऊन मायला म्हणाला, "लई मोठी इमारत हाय, पर कांदा निवडून घेतेत लेकाचे." उच्च शिक्षणाशी आमच्या घराण्याचा तोवरचा संबंध एवढाच.

शेत नव्हतं. बा आठवडी बाजारांत कांदा, लसूण आणि लाल मिरची विकायचा. सोमवार-मंगळवार ही नावं मी शाळेत गेल्यावर शिकले. घरी वार गावांच्या नावानं चालायचे. जवळा बाजारचा दिवस म्हणजे कालवणात तेल दिसायचा दिवस. बाकीचे दिवस कालवणात आमचंच तोंड दिसायचं. पावसानं एखादा बाजार धुऊन नेला की पुढचे दोन दिवस माय ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील करायची आणि त्याला "पोटाला हलकं" म्हणायची. असलं हलकं खाऊन आम्ही तिघं भावंडं इतकी हलकी झालो होतो की शाळेतल्या वजनकाट्याला बाईंना दोनदा ठोकून बघावं लागायचं, चालू आहे की बंद.

अशा घरात बाचा एक नियम मात्र कडक होता. गिऱ्हाइकानं अर्धा किलो मागितलं की पारडं खाली टेकलं पाहिजे, आणि टेकल्यावर वर एक लसणाचा गड्डा पडला पाहिजे. आणि स्वतः घेताना? तोच नियम, आणखी कडक. एका भावात दोन वस्तू समोर असतील तर मोठी उचलायची. लहान उचलणारा माणूस बाच्या मते एकतर आजारी असतो नाहीतर नोकरदार.

मी हिंगोलीला बी.ए. केलं. इतिहास घेऊन. निकालाच्या दिवशी बानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "आता याचं काय करायचं अस्तंय?" विद्यापीठानं ते सांगितलं नव्हतं. जोडीला माझ्याकडे कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र होतं, लॅमिनेशन केलेलं. त्या वर्गात एका कॉम्प्युटरला आम्ही चौघी. मी तिसरी. माउस माझ्यापर्यंत पोचायच्या आत तास संपायचा. पण परीक्षेत संगणकाचे भाग नावानिशी लिहिले, संगणकाचे जनक कोण ते लिहिलं, आणि चांगल्या गुणांनी पास झाले. संगणकाच्या बापाचं नाव मला पाठ होतं; संगणकाची ओळख व्हायची बाकी होती.

मग गावात सरकारी सेवांचं केंद्र मंजूर होणार असल्याची बातमी आली. दाखले, अर्ज, पेन्शनचे अंगठे, रेशनचे अंगठे, सगळं ऑनलाइन, एका खोलीत. अर्ज दोघांचे आले. एक माझा. दुसरा सरपंचांच्या पुतण्याचा, जो बारावीला दोनदा बसला होता आणि अजून उठला नव्हता. तालुक्याहून निरोप आला की गुरुवारी साहेब येतील, ज्याचा कॉम्प्युटर आणि अंगठ्याची मशीन चालू सापडेल त्याला केंद्र देतील. एकच केंद्र, दोघांपैकी एकालाच. ते मिळालं नाही तर माझ्यापुढं काय होतं हेही सांगते: मिरचीचं पोतं. मिरची वाईट नाही, तिच्यावरच मी शिकले. पण त्याच पोत्यावर परत बसायला तीन वर्षं एसटीत उभी राहिले नव्हते.

कॉम्प्युटर आम्ही हिंगोलीतल्या एका बंद पडलेल्या क्लासकडून जुना घेतला. घरी आणला तेव्हा मायनं त्याच्यापुढं नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं, माउसलाही बोट टेकवलं. बानं डबा चारही बाजूंनी ठोकून बघितला, कलिंगड ठोकावं तसा. म्हणाला, "आवाज बराबर हाय." मी पदवीधर म्हणून बाजूला उभी राहून मान हलवली. आत काय आहे हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही. पाहुणा घरात आला, पाट दिला, पाणी दिलं, फक्त नाव-गाव विचारायचं राहिलं.

अंगठ्याची मशीन टपालानं आली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिला चालवणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या पानावरून उतरवून घ्यायचं होतं. त्या पानावर सारख्या नावाच्या दोन फायली होत्या. एकीपुढं बत्तीस, दुसरीपुढं चौसष्ट. मी अडीच सेकंद विचार केला. चौसष्ट मोठे. पदवीधराला बत्तीस शोभत नाही. चौसष्टवर बोट दाबलं.

आमच्या घरात रेंज म्हणजे पाहुणीच. आली तर उंबऱ्यात उभी राहते, आत येत नाही. फाइल ऐंशी टक्क्यांपर्यंत जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस मी फोन खिडकीच्या गजाला बांधून ठेवला. सोमवारी सकाळी फाइल एकदाची उतरली. कॉम्प्युटरमध्ये टाकली, दोनदा दाबलं. पडद्यावर एक चौकोन आला. इंग्रजीत होतं, अर्थ असा: हे तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही, तुमच्यासाठीची आवृत्ती बनवणाऱ्याला विचारा.

इतकं सरळ वाक्य मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. म्हणून अर्थातच मी त्यावर विश्वास ठेवला नाही. अकरा वेळा दाबून बघितलं. बाराव्या वेळी चौकोन तोच, भाषा तीच. माझ्याइतका हट्टी पण माझ्यापेक्षा सभ्य.

दुपारपर्यंत गावात कळलं. आमच्या गावात दवाखाना नाही, पण डॉक्टर घरोघरी आहेत. मोबाइल दुरुस्त करणारा आला आणि म्हणाला, व्हायरस आहे. शाळेतले कॉम्प्युटरचे गुरुजी दारातूनच म्हणाले, सगळं पुसून टाका. कॉम्प्युटर न बघता निदान करण्याची ही विद्या त्यांच्याकडं कुठून आली ते त्यांच्या प्रमाणपत्रावर नक्की लिहिलेलं असणार. शेवटी पुतण्या आला. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली. गाडी घरीच होती, पण किल्ली सोबत असायची.

"ताई, तुमची मशीनच डुप्लिकेट दिसून राहिली," तो म्हणाला. "उगं तकलीफ घेऊन राहिल्या. काकांनी वर बोलून ठेवलंय."

"मग साहेब गुरुवारी काहून येऊन राहिलेत?" मी विचारलं.

"चहाला," तो म्हणाला आणि किल्ली फिरवत गेला.

रागानं मी मशीनच्या डब्यावरच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगा हिंदीत बोलला, माझ्याच वयाचा असावा, कंटाळलेला.

"मॅडम, आपका सिस्टम कितने बिट का है?"

मी म्हणाले, "अच्छा है।"

तो थांबला. "अच्छा मतलब?"

"मतलब, सेकंडहॅंड है, लेकिन अच्छा है।"

मला त्या मुलाचं आजही कौतुक वाटतं. तो हसला नाही. निदान मला ऐकू येईल असं हसला नाही. त्यानं सांगितलं, कॉम्प्युटरच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा, सगळ्यात खालचं नाव उघडा, वाचून दाखवा. मी वाचलं. विंडोज दहा. रॅम दोन जीबी. सिस्टिम, बत्तीस बिट.

"तो मॅडम, बत्तीस वाला डालिए ना. चौंसठ वाला इसमें कभी नहीं चलेगा।"

फोन ठेवला आणि भिंतीवरच्या लॅमिनेशनकडं बघत बसले. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. उजवं बटण, खालचं नाव. हे त्या अख्ख्या वर्गात कुणी शिकवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही, कारण मला ते सगळं येत होतं.

आता बत्तीसची फाइल पाहिजे होती. घरात उतरवायची तर तीन दिवस, आणि हातात दोन. बुधवारी बा माल आणायला हिंगोलीला जाणार होता. मशिनी विकणाऱ्या दुकानात सगळ्या फायली ठेवलेल्या असतात हे मला ठाऊक होतं. मी पेनड्राइव्ह दिला, चिठ्ठी दिली. चिठ्ठीत मशीनचं नाव लिहिलं, आणि खाली मोठ्या अक्षरात: बत्तीस बिट.

"हे दाखव, बा. दुसरं काई बोलू नको."

"मी कशाला बोलतो," बा म्हणाला. पस्तीस वर्षं बाजारात बसलेल्या माणसाचं हे वाक्य मी खरं मानलं, यावरून माझी मनःस्थिती समजावी.

बुधवारी संध्याकाळी बा आला. पोतं उतरवायच्या आधी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि मायच्या समोर माझ्या तळहातावर ठेवला, प्रसाद ठेवावा तसा. चेहरा उजळलेला. मी टाकला, उघडला, आणि डोळ्यांपुढं पुन्हा तोच चौकोन. फाइलचं नाव वाचलं. चौसष्ट.

"बा, चिठ्ठी दाखवली का?"

"दाखवली की."

"मग ही चौसष्ट कशी आली?"

"अगं, त्यो दुकानदार म्हनला, काका, बत्तीस बी हाय, चौसष्ट बी हाय. मी म्हनलं, भाव? तर म्हनला, भाव एकच." बानं मायकडं बघितलं. "मग बत्तीस काहून घ्याची? म्या म्हनलं, चौसष्टच भर. गुपचूप भरली त्यानं. दुप्पट आणली, पोरी, त्याच भावात!"

गेल्या आठवड्यात मीही नेमकं हेच केलं होतं, तेही बी.ए. करून. बापाची लेक असल्याचा पुरावा मला आजवर असा लेखी मिळाला नव्हता. आता माझ्याकडं चौसष्टच्या दोन प्रती होत्या आणि बत्तीसची एकही नव्हती.

"तोंड कसलं वाकडं करून राहिली?" बा म्हणाला. "मोठ्यात लहान बसतंयच की."

"मोठ्यात लहान बसत असंल, बा. आपला कॉम्प्युटर लहान हाय. लहानात मोठं कसं बसंल?"

चुलीपासून माय बोलली, "अवो, तुमचा पाय सात नंबर. चपलीवाला म्हनला, त्याच भावात अकरा नंबर घ्या, तर घ्याल का?"

"घेईन की," बा म्हणाला. "मोजे घालीन."

"मोजे हाईत का?"

"ते बी वरून मागीन."

माय हसली. मला हसू आलं नाही. उद्या सकाळी अकराला साहेब. मी मोठ्यानं म्हणाले, "बा, उद्या पुतण्याला केंद्र भेटलं तर ते ह्या झुकत्या मापामुळं." म्हटल्यावर लगेच वाटलं, म्हणायला नको होतं. बा पोत्याची सुतळी सोडत बसला, नंतर तीच पुन्हा बांधली.

थोड्या वेळानं पाठमोऱ्यानंच म्हणाला, "ती फाइल फोनात उतरती ना?"

"रेंज असंल तर."

"धरणावर सारी पोरं फोन घेऊन बसलेली अस्तेत. येताजाता बघतो मी. तिथं रेंज असंल म्हनूनच बसत असतीन की."

सिद्धेश्वरच्या धरणाच्या भिंतीवर बसणाऱ्या त्या पोरांबद्दल माझी मतं गावात प्रसिद्ध होती. रिकामटेकडी, फोनात तोंड घालून बसलेली, आईबापाच्या जिवावर. हे मी चारचौघांत बोललेही होते. तीन दिवस मी फोन खिडकीला बांधून बसले, पण चार किलोमीटरवर पूर्ण रेंज फुकट वाहून चाललीय हे मला सुचलं नाही. त्या पोरांना ठाऊक होतं. पदवी नव्हती ना त्यांच्याकडं.

गुरुवारी फटफटलं तसं मी बाच्या मागं मोपेडवर बसून धरणावर गेले. खाली भोई मासे निवडून टोपल्यांत टाकत होते. भिंतीवर दोन पोरं आधीच हजर होती. मला बघून एक जण सावरून बसला, दुसरा म्हणाला, "मॅडम, इकडं या, हितं जास्ती भेटतं." आणि सरकून त्यानं जागा दिली. मी त्याला धन्यवाद म्हटलं. घशातून निघायला जरा वेळ लागला, पण म्हटलं.

ह्या वेळी पानावरच्या दोन फायलींकडं मी अडीच सेकंदांपेक्षा जास्त बघितलं. बत्तीस. पुन्हा वाचलं. बत्तीस. मग दाबलं. बानं फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी छातीसमोर धरला.

"किती झाली?"

"चाळीस."

"हलवू नको, पारडं ठरू दे," तो स्वतःलाच म्हणाला. ऐंशीला बानं फोन आणखी घट्ट धरला. ऐंशी गेली, नव्वद गेली. फाइल उतरली. घरी खिडकीत तीन दिवस लागले होते, इथं एक माशाची टोपली भरायच्या आत काम झालं.

घरी येऊन वायरीनं फाइल कॉम्प्युटरमध्ये घेतली. दोनदा दाबलं. चौकोन आला, पण वेगळा. हिरवी पट्टी पुढं सरकत गेली. मशीन जोडली आणि तिच्या काचेत लाल दिवा लागला. माय म्हणाली, "डोळा उघडला बाई." मी त्यावर काही विनोद करू शकले असते. केला नाही.

साहेब अकराला येणार होते, म्हणून तीनला आले. चहा सरपंचांकडं झाला. मग पंचायतीच्या खोलीत दोन टेबलं मांडली. एका टेबलावर माझा हळदकुंकवाचे डाग असलेला डबा. दुसऱ्यावर पुतण्याचा नवा कोरा लॅपटॉप, अजून प्लॅस्टिकसकट. बाजूला सरपंच खुर्ची टाकून बसले, म्हणजे लॅपटॉपला आधार.

साहेबांनी पुतण्याला विचारलं, "सिस्टिम कितीची आहे?"

"साहेब, लेटेस्ट."

"लेटेस्ट म्हणजे किती बिट?"

"एकदम वरचा माल, साहेब. पुण्याहून आणलाय."

साहेबांनी स्वतः बघितलं. चौसष्ट होतं. पुतण्यानं मशीन जोडली, दिवा लागला नाही. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बत्तीसची फाइल हलकी असते, लवकर उघडते. त्यानं ती भरली होती. पण चौसष्टच्या लॅपटॉपवर मशिनीला फाइलही चौसष्टचीच लागते; इथं मोठ्यात लहान बसत नव्हतं. त्याच्या लॅपटॉपवर काका व्यवस्थित इन्स्टॉल झाले होते, पण अंगठा घ्यायला काका पुरत नव्हते.

मग साहेब माझ्याकडं वळले. "तुमची?"

"विंडोज दहा, बत्तीस बिट, दोन जीबी रॅम. जुनी आहे साहेब, पण काय आहे ते मला माहीत आहे."

ते पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघते झाले. म्हणाले, "घ्या कुणाचा तरी अंगठा."

बा पुढं झाला. एकदा टेकवला, नाही. दुसऱ्यांदा, नाही. पुतण्या किल्ली फिरवायला लागला. मी बाचं बोट धुतलेल्या फडक्यानं पुसलं, मिरचीच्या कामानं गुळगुळीत झालेलं, आणि म्हणाले, "दाबू नको बा. नुसतं ठेव." ठेवलं. काच लाल झाली, पडद्यावर बाच्या बोटाच्या रेघा उमटल्या, खाली हिरव्या अक्षरात यशस्वी.

तेवढ्यात पुतण्याच्या टेबलावरून हाक आली. "ताई, चौसष्टवाली तुमच्याकडं हाय म्हनं? तुमचे बा काल फाट्यावर सांगत हुते."

बा खुशीत वळला. "हाय की! दोन हाईत. पेनड्राइव्ह देऊ का, पोरी?" अखेर त्याच्या दुप्पट मालाला गिऱ्हाईक मिळालं होतं.

पेनड्राइव्ह टेबलावरच पडला होता. मी त्यावर हात ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. दिला असता तर पाच मिनिटांत त्याचीही मशीन चालू झाली असती, आणि मग दोन चालू मशिनींपैकी साहेबांनी कोणाची निवडली असती हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सरपंचांचा चहा तर पिऊन झाला होता. गोष्टींतली माणसं अशा वेळी मोठ्या मनानं देऊन टाकतात. माझं मनही बत्तीस बिटचंच असावं.

"साहेबांची सही होऊ द्या," मी म्हणाले. "मग देते."

सरपंच खाकरले. साहेबांनी एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा बंद दिव्याकडं, एकदा चालू दिव्याकडं. बाहेर पाचसहा म्हाताऱ्या पेन्शनचे कागद घेऊन दारातून आत डोकावत होत्या, त्यांच्याकडंही बघितलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या कागदावर सही केली. ते गाडीत बसल्यावर मी पुतण्याला पेनड्राइव्ह दिला. त्यानं घेतला. आभार मानले नाहीत, मीही त्याची वाट बघितली नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या नावावर केंद्राचा कोड चालू झाला. आज तिसरं वर्ष आहे. गावातले सगळे दाखले, अर्ज आणि अंगठे माझ्या खोलीत होतात, दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढं बी.ए. लिहिलेलं आहे, आणि आमच्या घरात आठवड्याचे सातही दिवस कालवणात तेल असतं.